हवेतले पाणी काढणारा माणूस

पावसाळ्यात लोणावळ्याला चिक्कीचे पाकीट उघडे राहिले की चिक्की चिकट होते आणि वहीची पाने फुगतात. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्याची अडचण अशीच होती. हवेतील दमटपणा बदलला की कागद फुगे किंवा आकसे. रंगीत चित्रे छापताना एकावर एक द्यायचे रंग त्यामुळे जागेवर बसत नसत. हे काम २५ वर्षांच्या विलिस कॅरियर या अभियंत्याकडे आले.

कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अँगोला येथे शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी अपूर्णांक समजेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून ते शिकवले. विलिस अकरा वर्षांचा असताना आई गेली. शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठात शिकून १९०१ साली ते पदवीधर झाले आणि बफेलोतील एका कंपनीत लागले.

छापखान्यासाठी त्यांनी हवा थंड नळ्यांवरून फिरवली. हवेतील बाष्पाचे थेंब नळ्यांवर जमले आणि हवा कोरडी झाली. पुढे पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर, खंडाळ्याच्या घाटात असते तशा दाट धुक्यात, त्यांना आणखी एक युक्ती सुचली : थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेऊन तिचा दमटपणा हवा तेवढाच ठेवायचा. १९०६ मध्ये त्यांना त्या यंत्राचे पेटंट मिळाले. १९११ मध्ये त्यांनी तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांचे गणित मांडले. १९१५ मध्ये सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनी काढली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे तत्त्व आजच्या घरगुती एसीतही आहे. हवेतून निघालेले पाणी तबकात जमते आणि बारीक नळीने बाहेर जाते. दमट हवेत ते दिवसाला काही लिटरही भरते. धूळ आणि बुळबुळीत थराने नळी तुंबली किंवा तिचा उतार चुकला की ते पाणी भिंतीत आणि छतात मुरते. शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या लोणावळ्यातील बंगल्यांत आणि मावळातील बंद सदनिकांत ही ओल आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नाही. तोवर बुरशी धरते. दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा जुना खोकला असणाऱ्यांचा त्रास तिने वाढतो. लहान मुले आणि वृद्धांनाही जपावे लागते.

पाणी गळताना दिसले तर आधी एसी बंद करून त्याचा वीजपुरवठा तोडावा. नळी साफ करून घ्यावी, उतार तपासावा. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत कोरडी करावी. त्यानंतर बुरशी धरण्याची शक्यता वाढते. भिजून बुरशी आलेली गादी, गालिचा आणि फुगलेले प्लायवूड टाकून द्यावे. बुरशी पुसताना मास्क आणि हातमोजे घालावेत. दम्याच्या रुग्णाने त्या खोलीत थांबू नये. ओल्या भिंतीवर रंग मारल्याने डाग झाकतो, ओल तशीच राहते. पावसाळ्याआधी नळी साफ करून घेतली आणि घर बंद करताना एसीचे बटण बंद केले, तर ही वेळ सहसा येत नाही.

हवेतले पाणी काढण्याची किमया कॅरियर यांनी साधली. ते काढलेले पाणी घराबाहेर जाते की नाही, हे पाहणे मात्र ज्याच्या त्याच्या हातात आहे.