परिसरालाच पाठ्यपुस्तक करणारे ‘मास्टरमोशाय’

विद्यार्थ्यांना चित्रासाठी कोणता विषय द्यावा, हा प्रश्न कलाशिक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांनी आयुष्याची सुमारे तीन दशके या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वेचली.

बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातल्या हवेली खडगपूर येथे ३ डिसेंबर १८८२ रोजी त्यांचा जन्म झाला. मूर्ती घडविणाऱ्या कारागिरांकडे पाहतच त्यांचे बालपण सरले. महाविद्यालयीन परीक्षांत अपयश आल्यावर त्यांनी कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेची वाट धरली. तेथे त्यांना अवनींद्रनाथ टागोर गुरू म्हणून लाभले. १९०९-१० च्या सुमारास अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ते महाराष्ट्रात आले. त्या भिंतींवरील रेषेचे संस्कार त्यांच्या कलेवर कायमचे उमटले.

रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनाची धुरा पुढे नंदलाल यांच्याकडे आली. सरकारी कलाशाळांत तेव्हा प्लास्टरच्या युरोपीय पुतळ्यांवरून रेखाटन गिरविण्याचा प्रघात होता. नंदलाल यांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेले. संथाळांच्या वस्त्या, आठवड्याचा बाजार, खोआईची लाल माती, ऋतूंचे उत्सव हेच अभ्यासाचे विषय झाले. विद्यार्थ्यांना ते साध्या कार्डांवर चितारलेली रेखाटने पाठवीत. १९३० मध्ये रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालवाचनासाठी त्यांनी काढलेल्या चित्रांतही बंगालचे हेच खेडे दिसते.

विषय एकच असला तरी दृष्टी प्रत्येकाची वेगळी असावी, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. म्हणूनच त्यांचे शिष्य त्यांच्या प्रतिकृती झाले नाहीत. अधू दृष्टीच्या विनोदबिहारी मुखर्जी यांनी निसर्ग आणि भित्तिचित्र यांत स्वतःची वाट शोधली. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये सिमेंट-काँक्रीटमधून ‘संथाळ कुटुंब’ उभे केले. शिक्षण अर्धवट सोडून १९४२ मध्ये कोलकात्याला परतलेल्या सत्यजित राय यांच्या चित्रपटांतही या शिकवणुकीचा ठसा जाणवतो.

महात्मा गांधींनी काँग्रेस अधिवेशनांच्या सजावटीचे काम सोपविले, तेव्हा या विचाराची खरी कसोटी लागली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. ती नगरी नंदलाल यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून सजविली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी शेतकरी, सुतार, ढोलकीवाले, सूत कातणाऱ्या स्त्रिया असे विषय निवडले. मूळ चित्रांवरून सहकारी आणि विद्यार्थ्यांनी प्रती करून सुमारे ४०० फलक सिद्ध केले. ते पाहण्यासाठी आलेल्या ग्रामस्थांना तेथे आपलेच जीवन भेटले.

भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट ही या गुरुकुलाची सर्वांत परिचित कामगिरी. नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी तिच्यात मोहेंजोदडोपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंतचा इतिहास चितारला. त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. तिच्या पानांवर एकट्या गुरूची नव्हे, तर शिष्यांचीही रेषा आहे.

१९५१ मध्ये ते कलाभवनातून निवृत्त झाले आणि १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण सन्मान लाभला. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. विषयांच्या शोधात दूर जाण्याची गरज नसते, आधी दाराबाहेर पाहावे लागते, हा धडा मात्र ते मागे ठेवून गेले. चित्रकलेच्या तासाला नमुन्यावरून गिरवणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना तो आजही तितकाच उपयोगी आहे.