वृश्चिक राशीचा मेकॅनिक

रविवारची संध्याकाळ. घोडबंदर रोडवर आमची रिक्षा नेहमीप्रमाणे अडकलेली. शेजारी एक पांढरी पुंटो येऊन थांबली. अंगावर लाल पट्टे, पुढे ढालीच्या आकाराचं चिन्ह आणि त्यात चक्क विंचू! आमच्या रूम पार्टनरने लगेच निकाल दिला की कोणीतरी हौसेने स्टिकर चिकटवलेत, आत तेच साधं इंजिन असणार. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि ती पुंटो अशी काही सुटली की रिक्षावाले काकासुद्धा मान लांब करून बघत राहिले. पार्टनर गप्प. मी मात्र हॉस्टेलवर आल्यापासून त्या विंचवाच्या मागे लागलो.

ती गाडी म्हणजे अबार्थ पुंटो. ऑक्टोबर २०१५ मध्ये फियाटने ती भारतात आणली. बांधणी आपल्याच महाराष्ट्रातली, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातली. बाराशे सीसीच्या साध्या पुंटोची ताकद ६८ हॉर्सपॉवर. हिच्यात १३६८ सीसीचं टर्बो इंजिन आणि ताकद १४५ हॉर्सपॉवर, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त! गाडीची उंची कमी केलेली, चारही चाकांना डिस्क ब्रेक, उभ्या जागेवरून शंभरचा वेग नऊ सेकंदांच्या आत. सुरुवातीची किंमत दहा लाखांच्या किंचित खाली. त्या पैशात एवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा बाजारात नव्हती. आता पुंटो भारतात बनत नाही, त्यामुळे ती दिसली की गाडीवेडे लोक अजूनही वळून बघतात.

पण अबार्थ म्हणजे काय? कंपनी? मॉडेल? तर मित्रांनो, अबार्थ हे एका माणसाचं नाव. आणि त्या विंचवाचं कारण अगदी घरगुती आहे. त्याची रास वृश्चिक होती!

कार्ल अबार्थचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचा. पुढे इटलीत स्थायिक झाल्यावर कार्लचा कार्लो झाला. लहानपणची एक गोष्ट सांगतात. त्याच्याकडे लाकडी चाकांची स्कूटर होती, पायाने ढकलायची. गल्लीतली मोठी पोरं त्याला हरवायची. या पठ्ठ्याने चामड्याचा पट्टा घेतला आणि लाकडी चाकांवर गुंडाळला. चाकांना पकड आली आणि पोरं मागे पडली. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे, पण याचं पुढचं सगळं आयुष्य त्या पट्ट्यातच आहे. नवी स्कूटर मागायची नाही, आहे तीच पळवायची.

विशीत तो मोटारसायकलच्या शर्यतींत उतरला. १९२८ मध्ये साल्झबर्गला पहिली शर्यत जिंकली. १९३० मध्ये लिंझला मोठा अपघात झाला, तेव्हा त्याने साइडकार जोडलेल्या मोटारसायकलकडे मोर्चा वळवला. साइडकारही स्वतःच्या डिझाइनची. १९३४ मध्ये याच साइडकारवरून त्याने ओरिएंट एक्सप्रेस या नावाजलेल्या आगगाडीशी पैज लावली. व्हिएन्ना ते बेल्जियममधलं ओस्टेंड, अंतर तेराशे किलोमीटरच्या वर. म्हणजे आपल्याकडे मुंबईहून दिल्लीला निघालेल्या राजधानीशी बाइकवरून शर्यत लावण्यासारखं! पहिल्या वेळी इलेक्ट्रिकल फॉल्टने घात केला आणि तो हरला. घरी बसला नाही. पुन्हा गेला आणि गाडीच्या आधी पोचला.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमाराला युगोस्लाव्हियात त्याला आणखी एक जबर अपघात झाला. रेसर म्हणून करिअर तिथेच संपलं. युद्धाची वर्षं ल्युब्लियानात गेली. युद्ध संपलं तेव्हा त्याचं वय ३६. हातात ना नोकरी, ना कारखाना. तो इटलीत आला.

पोर्श कुटुंबाशी त्याची जुनी ओळख होती. त्या ओळखीतून तो तुरीनच्या चिसितालिया या रेसिंग कंपनीत गेला. पिएरो दुसिओ नावाच्या उद्योगपतीची ही कंपनी. पोर्शकडून डिझाइन करून घेतलेली एक अत्यंत महागडी ग्रां प्री गाडी बांधण्याच्या नादात ती पार बुडाली. अबार्थला येणं होतं, पण तिजोरीत पैसे नव्हते. मग पैशाऐवजी त्याला काही रेसिंग गाड्या आणि सुटे भाग मिळाले. आपल्याकडे दुकान बुडालं की उधारीत रॅक आणि वजनकाटा उचलून आणतात, तसंच! त्या सामानावर ३१ मार्च १९४९ रोजी त्याने अबार्थ अँड कंपनी सुरू केली. भांडवल स्कालियारिनी या भागीदाराचं, अक्कल आणि विंचू अबार्थचे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५० मध्ये, ताझिओ नुवोलारी या इटलीच्या महान रेसरने पालेर्मोजवळच्या माँटे पेलेग्रिनो घाटातल्या शर्यतीत अबार्थची गाडी चालवली आणि आपल्या गटात पहिला आला. नुवोलारीची ती शेवटची शर्यत ठरली. नाव झालं, पण नावाने पगार होत नाहीत. पगार कशावर झाले माहितीये? सायलेन्सरवर!

हो, सायलेन्सर. इथे थोडं वर्कशॉपमध्ये जाऊ. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जळलेला वायू जितका सहज बाहेर पडेल, तितकी ताजी हवा जास्त आत येईल. त्या काळच्या साध्या सायलेन्सरमध्ये आडव्या-उभ्या पत्र्यांमुळे वायू अडायचा आणि त्याला बाहेर ढकलण्यात पिस्टनची ताकद फुकट जायची. अबार्थने वायूला कमी वळणांचा मोकळा रस्ता दिला आणि आवाज शोषायला बाजूने वेगळी सोय केली. ताकद थोडी वाढली, आवाज जाड आणि गोड झाला. रोजच्या फियाटपासून महागड्या स्पोर्ट्स गाड्यांपर्यंत प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं माप. हे सायलेन्सर पुढे लाखांच्या संख्येने खपले आणि परदेशातही गेले. शर्यतींचा खर्च त्यातून निघाला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सेकंड इयरला असताना मीही बाइकचा सायलेन्सर आतून रिकामा करून आणला होता. आवाज असा की ए विंगच्या पोरांना रात्री दोनला कळायचं मी आलो ते. आठवडाभरात लक्षात आलं की खालच्या गिअरला गाडी मरतेय, ॲव्हरेज पडलंय आणि हवालदाराने पावती फाडली ती वेगळी. वॉर्डन सरांचं बोलणं तर विसरणं शक्य नाही. मी फक्त आवाज विकत घेतला होता. अबार्थ एक्झॉस्टच्या प्रत्येक नळीची लांबी आणि व्यास मोजत होता, मी हातोडा चालवत होतो. फरक एवढाच, पण सगळा फरक त्यातच.

आता मुख्य गोष्ट. १९५५ मध्ये फियाटने सहाशे नावाची छोटी गाडी काढली. इंजिन मागे, ६३३ सीसीचं, ताकद २१.५ हॉर्सपॉवर. सामान्य कुटुंबाने बाजारहाट करावा, रविवारी सासुरवाडीला जावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. अबार्थने ती उघडली. सिलिंडरचा व्यास ६० मिलिमीटरचा ६१ केला आणि नवा क्रँकशाफ्ट टाकून स्ट्रोक ५६ चा ६४ केला. कॅल्क्युलेटर काढा आणि चार सिलिंडरचं घनफळ मोजा, साधारण ७४७ सीसी येईल. फर्स्ट इयरचं गणित आहे! त्यावर वेगळा कॅमशाफ्ट, मोठा कार्बोरेटर, वाढवलेलं कॉम्प्रेशन आणि अर्थातच स्वतःचा एक्झॉस्ट. ताकद चाळिशीच्या वर गेली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गाडीचं वजन मात्र सहाशे किलोच्या आसपासच. हीच ती १९५६ ची फियाट अबार्थ ७५०. ज्याला अख्खी गाडी परवडत नव्हती, त्याच्यासाठी हेच भाग लाकडी खोक्यात भरून किट म्हणून मिळायचे. घरच्या सहाशेला बसवायचे आणि निघायचं.

जुलै १९५७ मध्ये फियाटने त्याहून लहान पाचशे काढली. दोन सिलिंडर, १३ हॉर्सपॉवर. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, खप रखडला. अबार्थने तिची ताकद दुप्पट केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये ती माँझाच्या ट्रॅकवर सोडली. सात दिवस, सात रात्री, ड्रायव्हर बदलत, गाडी मात्र तीच. १८ हजार किलोमीटरच्या वर अंतर, सरासरी वेग ताशी १०८ किलोमीटर. ज्या गाडीला लोक खेळणं म्हणत होते तिने आंतरराष्ट्रीय विक्रम केले. फियाटचे साहेब खूश झाले आणि त्यांनी करार केला की फियाटवर बेतलेल्या अबार्थच्या प्रत्येक विजयाला आणि विक्रमाला बक्षिसाची रक्कम द्यायची. मग काय, विंचू सुटलाच! १९६३ मध्ये आलेल्या अबार्थ ५९५ ने तर घराघरातल्या पाचशेला ताशी १२० चा वेग दिला.

त्याच्या हजार सीसीच्या रेसिंग सलूनचे फोटो बघा. मागचं इंजिनाचं झाकण अर्धवट उघडं टेकवलेलं दिसेल. ती स्टाईल नव्हे. वाढलेल्या ताकदीचं इंजिन तापायचं, त्याला हवा लागायची. दिसायलाही भारी वाटलं, हा वरचा फायदा.

माणूस कडक होता, कामात चूक खपवून घ्यायचा नाही. हा नियम स्वतःलाही लावलेला. १९६५ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्याला विक्रमासाठी स्वतः गाडी चालवायची होती, पण कॉकपिट अरुंद आणि पोट सुटलेलं. कॉकपिट मोठं केलं तर वजन वाढणार. त्याने सफरचंदं खाऊन सुमारे ३० किलो वजन उतरवलं, आत बसला आणि ऑक्टोबरमध्ये माँझाला आपल्या कंपनीचा शंभरावा विक्रम स्वतःच्या हाताने केला. गाडीचं वजन कमी करणारे खूप असतात, ड्रायव्हरचं कमी करणारा हा एकच!

पण शर्यतींचा खर्च दरवर्षी वाढत होता आणि छोट्या कंपनीला तो झेपेना. १९७१ मध्ये त्याने कंपनी फियाटला विकली. फियाटने नाव आणि विंचू दोन्ही राखले. फियाट १३१ अबार्थने १९७७, १९७८ आणि १९८० मध्ये जागतिक रॅली स्पर्धेत उत्पादकांचं अजिंक्यपद मिळवलं. त्यातलं शेवटचं बघायला तो नव्हता. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, जिथे जन्मला त्याच व्हिएन्नात, कार्लो अबार्थ गेला.

असो. आता परत आपल्या गावाकडे.

कल्याण-शीळ रोडने डोंबिवलीकडे जाताना प्रीमियरचं नाव अजून ऐकू येतं. इथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. ११८ एनई इथे बनली, नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ सुद्धा. कुर्ल्याच्या मुख्य कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची, आपल्या बाबा-काकांची फियाट, मुंबईची काळी-पिवळी. १९६४ च्या फियाट ११०० डिलाइटचाच तो अवतार, २००० सालाच्या सुमारापर्यंत जवळजवळ तसाच बनत राहिला. १०८९ सीसी, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे अबार्थने १९५६ मध्ये ७४७ सीसीतून जेवढी काढली, साधारण तेवढीच! ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

यात इथल्या कामगारांचा आणि इंजिनिअरांचा दोष काढायचा नाही. तेव्हा किती गाड्या बनवायच्या ते सरकारी लायसन्स ठरवायचं, परदेशी सुटा भाग आणायचा तर परवाना हवा, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं. गाडी सुधारली नाही तरी खपायची, मग सुधारणार कोण? पण आज ती सबब आपल्याकडे नाही. अबार्थकडेही डिग्री, मोठा कारखाना किंवा स्वतःची गाडी नव्हती. दुसऱ्याने बनवलेली, सगळ्यांच्या दारात उभी असलेली साधी गाडी होती आणि ती कुठे अडते हे मोजायची चिकाटी होती.

आपल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनं फियाटचं इंजिन कटसेक्शन करून ठेवलंय. दरवर्षी आपण जर्नलमध्ये त्याची आकृती काढतो, तीही सिनियरच्या जर्नलवरून, आणि सही घेऊन मोकळे होतो. पुढच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर घेऊन त्याचा बोअर आणि स्ट्रोक एकदा खरोखर मोजून बघू या. पार्टनर तयार झालाय. सरांची परवानगी तेवढी बाकी आहे.