व्हेरा ब्रिटन : शोक आणि युद्धनकार

पहिल्या महायुद्धाचा अनुभव म्हणजे खंदकांत लढलेल्या पुरुषांचा अनुभव, असे इंग्रजी वाङ्मयात दीर्घकाळ गृहीत धरले गेले. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टेस्टामेंट ऑफ यूथ’ या आत्मकथनाने त्या गृहीताला छेद दिला. मात्र या ग्रंथामुळेच त्याच्या लेखिकेविषयी एक सोयीस्कर समज रूढ झाला : प्रियजन गमावल्यामुळे त्या शांततावादी झाल्या. व्हेरा ब्रिटन (१८९३-१९७०) यांचे चरित्र इतके सरळ नाही. त्यांचा शोक आणि युद्धाला त्यांनी दिलेला संपूर्ण नकार यांत जवळजवळ वीस वर्षांचे अंतर आहे. आणि त्या नकाराची खरी किंमत त्यांना मोजावी लागली ती दुसऱ्या महायुद्धात.

कागदगिरणीचे मालक असलेल्या वडिलांच्या सुखवस्तू घरात, बक्स्टन या गावी त्यांचे तारुण्य गेले. मुलीचे शिक्षण विवाहापुरतेच, अशी तेथील धारणा होती. ऑलिव्ह श्रायनर यांच्या वाचनातून स्त्रीमुक्तीचा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचला, आणि घरच्या विरोधावर मात करून १९१४ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात प्रवेश मिळवला. त्याच वर्षी युद्ध पेटले. धाकटा भाऊ एडवर्ड याने सैन्यात जाऊ नये, असे वडिलांचे मत होते. व्हेरा यांनी मात्र भावाची बाजू घेतली. ही गोष्ट चरित्रकाराने नजरेआड करून चालणार नाही. त्या काळच्या सुशिक्षित तरुणींप्रमाणे त्यांनाही शौर्य आणि त्याग यांच्या भाषेने मोहित केले होते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची युद्धकालीन दैनंदिनी याची साक्ष देते.

१९१५ मध्ये शिक्षण सोडून त्या स्वयंसेवी परिचारिका झाल्या. त्याच वर्षीच्या नाताळात वाग्दत्त वर रोलंड लेटन रजेवर येणार म्हणून त्या वाट पाहत होत्या; आली ती २३ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाल्याची वार्ता. १९१७ मध्ये जेफ्री थर्लो आणि व्हिक्टर रिचर्डसन हे मित्र गेले. अंध झालेल्या व्हिक्टरशी विवाह करण्याच्या विचाराने त्या माल्टाहून परतल्या होत्या. १५ जून १९१८ रोजी इटलीतील आसियागोच्या पठारावर एडवर्ड मारला गेला. या मृत्यूंइतकाच, किंबहुना वैचारिक दृष्ट्या अधिक, महत्त्वाचा आहे तो फ्रान्समधील एताप्ल येथील रुग्णालयाचा प्रसंग. १९१७ मध्ये तेथे त्यांच्या वाट्याला जखमी जर्मन कैद्यांचा कक्ष आला. भाऊ ज्यांच्याशी लढत होता, त्यांच्याच जखमा बांधताना शत्रू ही कल्पना त्यांच्या मनात डळमळू लागली. पुढील शांततावादाचे बीज येथे आहे.

युद्धानंतर सॉमरव्हिलमध्ये परतल्यावर त्यांना विनिफ्रेड होल्टबी यांची मैत्री लाभली. या मैत्रीवर पुढे त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९२५ मध्ये जॉर्ज कॅटलिन यांच्याशी विवाह झाल्यावरही लेखन आणि स्वतंत्र वास्तव्य त्यांनी सोडले नाही. या काळात राष्ट्रसंघाच्या प्रचारार्थ त्या व्याख्याने देत. युद्धाचा अनुभव त्यांनी आधी कादंबरीरूपाने मांडून पाहिला. तो जमला नाही. १९२८-२९ च्या सुमारास ब्लंडन, ग्रेव्ह्ज आदींची युद्धविषयक पुस्तके गाजू लागली, आणि त्यांत आपल्या पिढीच्या स्त्रियांना स्थान नाही हे त्यांना जाणवले. तेव्हा त्यांनी आत्मकथनाचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे हा ग्रंथ शोकगाथा असूनही स्त्रीच्या साक्षीला इतिहासात जागा मागणारा दस्तऐवज ठरतो. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे : त्यातील जग बहुतांशी सुस्थित वर्गाचे आहे, दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रिया त्यात जवळजवळ दिसत नाहीत.

राष्ट्रसंघावरचा विश्वास उडत गेल्यावर १९३७ मध्ये त्या ‘पीस प्लेज युनियन’ या संघटनेत दाखल झाल्या. १९३९ मध्ये हिटलरविरोधी युद्ध सुरू झाले तेव्हा शांततावाद्याला समाजात सहानुभूती उरली नव्हती. तरीही ब्रिटन यांनी शांतताप्रेमी वाचकांसाठी नियमित पत्रक काढले आणि नाझीव्याप्त युरोपातील उपाशी मुलांना अन्न पोहोचावे म्हणून चळवळ केली. अमेरिकेत पाठवलेल्या स्वतःच्या मुलांना भेटण्यासाठी त्यांना प्रवासाची परवानगी मिळाली नाही. १९४४ मधील ‘सीड ऑफ केऑस’ या पुस्तिकेत त्यांनी जर्मन शहरांवरील सरसकट बॉम्बहल्ल्यांचा निषेध केला. अमेरिकेत तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑरवेल यांनी आक्षेप घेतला की, तरुण सैनिकांची हत्या मान्य करून नागरिकांच्या हत्येला तेवढे निषिद्ध मानणे हे ढोंग आहे. आक्षेप तर्कदृष्ट्या वजनदार आहे. परंतु ब्रिटन यांनी तरुणांचे मरण कधी मान्य केले होते, असे त्यांचे १९३३ चे पुस्तक वाचलेल्याला म्हणता येणार नाही. ग्रेट ब्रिटन जिंकल्यावर ज्यांना अटक करायची त्यांची नाझींनी केलेली यादी १९४५ मध्ये उजेडात आली. तिच्यात ब्रिटन यांचेही नाव होते. तरीही अमेरिकेतील त्यांचा वाचकवर्ग पूर्वीसारखा परतला नाही.

डिसेंबर १९४९ मध्ये शांतिनिकेतन आणि वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे भरलेल्या जागतिक शांततावादी परिषदेस त्या उपस्थित होत्या. ही परिषद गांधीजींच्या हयातीत ठरली होती. भरली ती त्यांच्या हत्येनंतर. या प्रवासावर त्यांनी १९५१ मध्ये ‘सर्च आफ्टर सनराइज’ हे पुस्तक लिहिले. मराठी अभ्यासकांचे त्याकडे अद्याप फारसे लक्ष गेलेले नाही. २९ मार्च १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी आसियागोच्या पठारावरील एडवर्डच्या कबरीवर विखुरण्यात आल्या.