मात्सुएचे परदेशी गुरुजी

लाफ्काडिओ हर्न यांचा जन्म इ. स. १८५० मध्ये, आज ग्रीस देशात असलेल्या लेफ्काडा बेटावर झाला. वडील आयरिश, ब्रिटिश सैन्यातील शल्यवैद्य, आई ग्रीक. लहानपणीच आईवडिलांची ताटातूट झाली आणि या पोरक्या मुलाला डब्लिन शहरी एका वृद्ध नातलग बाईने वाढविले. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना इजा होऊन त्यांचा डावा डोळा गेला. ती बाजू दिसू नये म्हणून छायाचित्र काढविताना ते आयुष्यभर मान वळवून बसत. एकोणिसाव्या वर्षी ते जवळजवळ निष्कांचन अवस्थेत अमेरिकेस गेले व वृत्तपत्रांत लिहू लागले. असा हा एकाकी, संकोची मनुष्य एप्रिल १८९० मध्ये जपानात उतरला.

पश्चिम जपानातील मात्सुए या गावच्या शाळेत त्यांना इंग्रजी शिकविण्याचे काम मिळाले. वेतन दरमहा १०० येन. देशभाषा मात्र त्यांना जवळजवळ येतच नव्हती. माणसाने ओढलेल्या रिक्षातून डोंगर ओलांडीत चार दिवसांचा प्रवास करावयाचा होता. वाटेत कामिइची या खेड्यात रात्र झाली. मृतात्म्यांच्या स्मरणाचा सण तेथे चालू होता. आपल्याकडील पितृपक्षच म्हणा ना! मात्र तिकडे या सणात रात्री देवालयाच्या अंगणात फेर धरून नाचतात. परका मनुष्य पाहून लोक भोवती जमले, पण त्यांच्या कुतूहलात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. नकळत आलेल्या या पाहुण्याचा संकोच तेथेच थोडा ओसरला.

मात्सुए गाव सरोवराकाठी वसलेले. पहाटे भात कांडल्याचा धपधप आवाज येई, मग देवळाची घंटा वाजे आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्या ऐकू येत. सूर्य उगवताच नदीकाठी लोक तोंडे धुऊन टाळ्या वाजवीत व सूर्यास वंदन करीत. थोड्याच वेळाने पुलावरून जाणाऱ्या लाकडी खडावांचा खडखडाट सुरू होई. खिडकीतून हर्न हे सारे ऐकत व पाहत.

शाळेतील इंग्रजीचे अध्यापक निशिदा सेंतारो हे त्यांचे दुभाषे झाले आणि पुढे जिवलग मित्र. विद्यार्थी तर न बोलाविताच घरी येऊ लागले. येत, वाकून नमस्कार करीत आणि चटईवर शांत बसत. कोणी दुर्मीळ फूल आणी, तर कोणी घरातील पिढीजाद चित्र गुरुजींनी पाहावे म्हणून जपून घेऊन येई. कधी कधी फारसे बोलणे होतही नसे.

सम्राटाच्या जन्मदिनी हर्न यांनी सर्वांप्रमाणे सम्राटाच्या चित्रापुढे मस्तक लवविले. हे पाहून एक विद्यार्थी चकित झाला. कारण पूर्वीच्या एका परदेशी शिक्षकाने याच रीतीसाठी मुलांना रानटी म्हटले होते. तो शब्द मुलांच्या मनात खोल रुतला होता. हर्न यांनी त्याला समजाविले, की आपल्या राजाविषयी व देशाविषयी आदर बाळगणे हे कर्तव्यच आहे; इंग्रजही आपल्या राणीचा मान राखतात. व्याकरणाच्या दहा पाठांनी जे साधले नसते, ते त्या चार शब्दांनी साधले.

मात्सुएची थंडी त्यांना सोसेना. नोव्हेंबर १८९१ मध्ये ते कुमामोतो येथील शाळेत जाण्यास निघाले, तेव्हा त्यांना बोटीपर्यंत पोचविण्यासाठी विद्यार्थ्यांची रीघ लागली. त्यांच्या एका आवडत्या विद्यार्थ्याची हकीकत त्यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तो मुलगा मरणपंथास लागला होता. एकदा शाळा डोळे भरून पाहावी, एवढीच त्याची शेवटची इच्छा. रात्रीच्या वेळी त्याला पाठीवर घेऊन नेण्यात आले. अंधारात त्याने आपल्या वर्गाची खिडकी पाहिली आणि समाधानाने तो परतला.

मात्सुएतच एका विपन्न सामुराई घराण्यातील कोइझुमी सेत्सु हिच्याशी हर्न यांचे लग्न झाले होते. पत्नी व मुलाचे हक्क सुरक्षित राहावेत म्हणून १८९६ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व पत्करले व कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. त्याच वर्षी ते तोक्योच्या विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकवू लागले. १९०३ मध्ये त्यांना तेथून दूर करण्यात आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी कडाडून विरोध केला.

पतिपत्नींची भाषा मोठी गमतीची होती. हर्न यांची मोडकीतोडकी जपानी, व्याकरण कसलेच नाही! परंतु तिच्यातच सारा संसार चाले. रात्री दिव्याची वात बारीक करून सेत्सु त्यांना भुताखेतांच्या जुन्या कथा सांगे. पुस्तकात पाहून सांगावयाचे नाही, स्वतःच्या शब्दांत सांगावयाचे, असा हर्न यांचा हट्ट असे. त्या कथा त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. ‘क्वाइदान’ हा तो संग्रह १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी हृदयविकाराने तोक्यो येथे त्यांचे निधन झाले.