फादर सांतापाव : अल्प चरित्र

येशूसंघीय फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजीं स्पेन देशांत झाला. १९४० पासून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत त्यांनीं वनस्पतिशास्त्र शिकविलें. खंडाळा व पुरंदरचे डोंगर पायांखालीं घालून तेथील वनस्पतींवर त्यांनीं ग्रंथ रचिले. सातारा जिल्ह्यांतील पांचगणीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका रानटी आमरीचें शास्त्रीय नामकरण त्यांनीं कापडिया यांच्यासह केलें. पुढें ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १९६७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. १३ जानेवारी १९७० रोजीं ते प्रभुवासी झाले.

साताऱ्याचें कास पठार असो वा सांगलीकडील चांदोलीचें रान, एखादें फूल दुर्मिळ झालें कीं काय हें एका फेरीनें ठरत नाहीं. फुलोऱ्याच्या थोड्या दिवसांतच झाडें मोजावीं लागतात; पूर्वीं तें फूल कोठें उगवत होतें हें जुन्या, वाळवून जपलेल्या नमुन्यांवरून ताडावें लागतें. नमुना नसेल, तर फूल नाहींसें झाल्याचेंहि कोणास कळणार नाहीं. तसली साक्ष फादरांनीं मागें ठेविली. परमेश्वराच्या सृष्टीची अशी निष्ठेनें नोंद ठेवणें हीहि त्याची सेवाच होय.