विश्लेषण : मार्कोनींचे वायरलेस रणांगणात नापास, समुद्रात पास! असे का घडले?

लष्करासाठीचे वायरलेस नेटवर्क प्रयोगशाळेत चालले म्हणजे युद्धातही चालेलच, असे नाही. गुल्येल्मो मार्कोनी यांना हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी बोअर युद्धात मिळाला.

मार्कोनी कोण होते?

जन्म १८७४, इटलीतील बोलोन्या. वडील इटालियन, आई आयरिश. १८९६ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी ते आपले यंत्र घेऊन इंग्लंडला गेले. त्याच वर्षी सॉल्सबरीच्या माळरानावर लष्कर आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांसमोर त्यांनी चाचणी दिली. संदेश अडीच किलोमीटरहून थोडा पुढे पोहोचला. १८९९ च्या नौदल सरावात ते स्वतः 'जुनो' या युद्धनौकेवर होते. तेव्हा पल्ला १०० किलोमीटरच्या आसपास गेला.

रणांगणात काय बिघडले?

१८९९ च्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने पाच संच दक्षिण आफ्रिकेत नेले. ते गाड्यांवर चढवून सैन्यासोबत न्यायचे होते. पण अँटेनासाठी उंच खांबच नव्हते. स्थानिक बांबू कोरड्या हवेत तडकले. पतंग आणि फुगे वाऱ्याच्या भरवशावर होते. त्यात कोरड्या जमिनीत 'अर्थिंग' नीट मिळेना. मार्कोनींनी खांबांची सोय न केल्याचा ठपका लष्करावर ठेवला. लष्कराने काही आठवड्यांतच प्रयोग गुंडाळला.

मग समुद्रात कसे जमले?

तेच संच नौदलाने घेतले आणि डेलागोआ उपसागराची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांवर बसवले. उंच डोलकाठ्या तिथे आयत्याच होत्या आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. यंत्रे जुनीच, परिस्थिती मात्र बदलली होती. जुलै १९०० मध्ये ब्रिटिश नौदलाने ३२ संचांचा करार केला.

पुढे काय?

१९०९ मध्ये मार्कोनींना कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासोबत भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या काळच्या संचांचा आणखी एक दोष म्हणजे संदेश चहूकडे पसरत आणि शत्रूलाही ऐकू जात. त्यामुळे पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये मार्कोनींनी इटलीत एकाच दिशेने जाणाऱ्या लघुलहरींचे प्रयोग सुरू केले. त्यातूनच 'बीम वायरलेस' आले. १९२७ मध्ये भारत-ब्रिटन बीम सेवा सुरू झाली, तेव्हा तिची भारतातील केंद्रे पुण्याजवळ होती : संदेश पाठवणारे खडकीत, घेणारे दौंडला.

२० जुलै १९३७ रोजी मार्कोनींचे रोममध्ये निधन झाले. लष्करी रेडिओची चाचणी आजही वाळवंटात, डोंगरात, धावत्या वाहनात घेतली जाते, त्यामागचे कारण बोअर युद्धातल्या त्या तडकलेल्या बांबूंनी तेव्हाच दाखवून दिले होते.