पंचवीस पौंडांची लोटस

लंडनमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असतानाच कॉलिन चॅपमन (१९२८-१९८२) जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी वाहनांचा पेट्रोलचा कोटा बंद केला आणि हा धंदा बसला. विकल्या न गेलेल्या एका ऑस्टिन सेव्हनची त्यांनी शर्यतीसाठी पुनर्बांधणी केली. तीच पहिली लोटस. १९५२ मध्ये हेझल विल्यम्स यांनी (त्या पुढे चॅपमन यांच्या पत्नी झाल्या) उसने दिलेल्या २५ पौंडांवर कंपनी उभी राहिली. कारखाना म्हणजे हॉर्न्सी येथील वडिलांच्या हॉटेलामागचा जुना तबेला!

१९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपातही मिळे. ग्राहकाने ती घरी जोडली की खरेदी कर वाचे. छंदिष्टांच्या खिशाची नस चॅपमन यांना अचूक सापडली होती.

गाडीचे वजन घटवण्याचा त्यांचा ध्यास मात्र वादातीत नव्हता. फॉर्म्युला वनमध्ये लोटसने १९६३ ते १९७८ दरम्यान सात सांघिक विजेतेपदे मिळवली, पण गाड्यांच्या नाजूकपणाबद्दल चालक योखेन रिंट यांनी १९६९ मध्ये चॅपमन यांना पत्रच लिहिले. पुढच्या वर्षी मोंझा येथे सरावादरम्यान लोटसमध्येच रिंट यांचा मृत्यू झाला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.